राग मोजू नका, वाटा मोजा

लोक मोर्चाला का येत नाहीत आणि कधी येतील हे एका वहीत मांडून तपासायची ही पद्धत दोन तऱ्हेच्या माणसांच्या उपयोगाची आहे. एक, ज्यांना सोसायटीतल्या, गल्लीतल्या किंवा लोकलच्या डब्यातल्या लोकांना घेऊन कुठल्या तरी साहेबाच्या दारात जायचंय आणि नक्की किती जण येतील याचा अंदाज लागत नाहीये. दोन, ज्यांना पेपरची घडी घालताना ‘एवढं सगळं होतंय, तरी लोक पेटून कसे उठत नाहीत?’ असं म्हणायची सवय आहे. दुसऱ्या तऱ्हेचे लोक संख्येने जास्त. पण तपासायची पद्धत दोघांना एकच लागते.

मी कल्याणच्या पलीकडून रोज फोर्टात येते, एका कंपनीत हिशेब बघते, आणि आमच्या भागातल्या प्रवाशांचं सह्यांचं रजिस्टर बरीच वर्षं माझ्या पिशवीत असतं. वडील गिरणीत साचेखात्यात होते, आई माण तालुक्यातली. त्यामुळे संप घरात बघितला आणि बहात्तरचा दुष्काळ जेवताना ऐकला. पुढे जे सांगतेय ते पुस्तकातलं कमी आणि वहीतलं जास्त आहे.

रागाचा रकाना ठेवू नका

९ जून २०२५, सोमवारची सकाळ. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्या दिवशी गेले. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाकाठी दोन हजारांवर माणसं मरतात, कुणी रूळ ओलांडताना, कुणी गाडीतून पडून, त्यामुळे बातमी नवी नव्हती. तरीही त्या संध्याकाळी डब्यात जे बोलणं चाललं होतं ते ऐकून एखाद्याला वाटलं असतं, उद्या काही खरं नाही. मंगळवारी सकाळी गाड्या तेवढ्याच भरून सुटल्या. दारात माणसं तशीच लटकलेली. दहाच्या आत कार्ड पंच करायचं होतं.

यावरून ‘आपले लोक मेंढरं आहेत’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं तर आहेच, शिवाय त्याचा उपयोगही नाही, कारण त्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. राग असतोच. शिरगणती करताना प्रत्येकाला नाक आहे का हे आपण लिहून घेत नाही, तसा हा राग लिहून घेऊ नका.

एक दोनशे पानी वही घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात माणूस: नाव लिहायची गरज नाही, ‘भायखळ्याची नर्स’, ‘शिकवणीवाली’ एवढं पुरतं. दुसऱ्यात, ती आली तर तिचं काय जाईल. तिसऱ्यात, ती नाही आली तर तिचं कसं भागतं. चौथ्यात, ठरवायच्या आधी ती कुणाच्या तोंडाकडे बघते. हे सगळं गप्पांतून भरा. गूगल फॉर्म पाठवू नका, फॉर्मवर सगळेच ‘येणार’ वर टिक करतात.

दुसरा रकाना: काय जाईल

इथे मोठे शब्द लिहू नका. ‘भीती’ लिहून काही कळत नाही. ‘तीन लेट मार्कांचा हाफ डे’ असं लिहा. ‘पाच तारखेला घराचा हप्ता’ असं लिहा. ‘कंत्राट अकरा महिन्यांचं, मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय’, ‘मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय, घरात कुणावर केस नको’, ‘पासपोर्टचं व्हेरिफिकेशन बाकी आहे’. आमच्या पानावर हा शेवटचा प्रकार मला वाटलं होतं त्याहून जास्त निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोकांनी तासन्‌तास रेल्वे अडवून धरली. संध्याकाळी लाठीमार झाला आणि नंतर शेकडो लोकांवर गुन्हे नोंदवले गेले. त्याच्यानंतर डब्यात जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला तो ‘मागणी मान्य झाली का?’ हा नव्हता. ‘ज्यांच्यावर केस झाली त्यांच्या नोकरीचं काय?’ हा होता.

माझ्या आजोबांच्या पिढीत फार माणसांकडे हप्ता नव्हता. बँकेने त्यांना दारात उभं केलं नसतं. आता शिपायाकडेही हप्ता आहे, गाडीचा, फोनचा, पोराच्या क्लासचा. हप्त्याची गंमत अशी की तो माणसाला गरीब करत नाही, पण दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जागेवर हजर राहायला लावतो. ज्याच्याकडे गमवायला काही नाही त्याच्या भरवशावर क्रांतीची भाषा केली जाते, पण असा माणूस आता शोधून सापडत नाही. थोडंसं काहीतरी प्रत्येकाकडे आहे, आणि ते थोडंसंच हप्त्याला बांधलेलं आहे.

तिसरा रकाना: वाटा

सगळ्यात जास्त वेळ या रकान्याला द्या. एखादी सार्वजनिक गोष्ट बिघडली की माणूस आधी आपल्यापुरती वाट काढतो आणि ती निघाली की बाकीच्यांचं ओझं त्याच्या डोक्यावर राहत नाही. आमच्या डब्यातल्या वाटा अशा. बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या दिशेने जाऊन त्याच गाडीत बसून परत येणं. फर्स्ट क्लासचा पास. एसी लोकलचा पास. चौघींनी मिळून महिन्याची गाडी ठरवणं. शिफ्ट बदलून घेणं. आठवड्यातले दोन दिवस घरून काम. ठाण्याला भाड्याने राहायला जाणं. यातली एकही वाट चूक नाही, मी स्वतः दोन वापरल्या आहेत.

पण कोण आधी बाहेर पडतं ते बघा. जिला अर्ज नीट लिहिता येतो, जी साहेबाशी इंग्रजीत बोलू शकते, जिच्या मेहुण्याची कुणाशी तरी ओळख आहे, तीच पहिल्यांदा एसीचा पास काढते. म्हणजे भांडायला जी सगळ्यात तयार होती तीच डब्यातून गेली. उरलेल्या डब्यात संताप तेवढाच असतो, पण तो कागदावर उतरवणारं कुणी नसतं. नळाला पाणी नाही तर टँकर, वीज जाते तर इन्व्हर्टर, म्युनिसिपालिटीची शाळा नको तर इंग्रजी मीडियम, सरकारी दवाखाना नको तर मेडिक्लेम. शहरातल्या मध्यमवर्गाने गेल्या चाळीस वर्षांत सरकारशी भांडणं सोडलं ते सरकार सुधारलं म्हणून नाही. त्याने प्रत्येक सरकारी गोष्टीला एक खासगी जोडणी करून घेतली. क्रांती का होत नाही याचं निम्मं उत्तर गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीत आहे.

गरिबाला वाट नसते असं समजू नका. त्याची वाट म्हणजे गाव. इथे गिरणी संपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वाट कशी दोन्ही बाजूंनी कापते ते मला त्याच्याइतकं स्वच्छ कुठेच दिसलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवलं. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजंदारीवर घेतलेल्यांना, कायम करून हवं होतं आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनच्या हाती दिलेला बोलणी करायचा हक्क मोडायचा होता. वर्षभराहून जास्त काळ एवढी माणसं बिनपगारी राहिली. कशी राहिली? गावावर. आमच्याकडे दुष्काळी माणमधून बाजरीचं पोतं एसटीच्या टपावरून यायचं, ते परळला उतरवायला वडिलांबरोबर मी जायची. कोकणातून तांदूळ यायचा, घाटावरून ज्वारी. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवण घातलं, आणि त्या उधाऱ्यांतल्या कितीतरी कधीच फिटल्या नाहीत. गाव नसतं तर संप दोन महिन्यांत संपला असता.

पण गाव होतं म्हणून माणसं गावाला गेलीही. पावसाळा आला, पेरणी आली, वडील गेले. चाळीतले निम्मे पुरुष गेले. लालबाग-परळच्या रस्त्यांवर जी माणसं गेटसमोर उभी राहायला हवी होती ती साताऱ्यात, रत्नागिरीत, सांगलीत बांधावर उभी होती. तिकडे मालकांचीही वाट तयार होती: कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून मिळत होतं. एका बाजूची वाट गावाला जात होती, दुसऱ्या बाजूची भिवंडीला, आणि भिवंडीची जास्त रुंद होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. वडील शेवटी एका गोदामात वॉचमन म्हणून लागले.

म्हणून तिसरा रकाना भरताना प्रत्येक वाटेपुढे एक खूण करा: ही वाट माणसाला टिकवते, की घेऊन जाते? घरून येणारा डबा टिकवतो. बदली घेऊन जाते.

सगळ्या वाटा एकदम बंद होतात तेव्हा

आता उलट बाजू बघा, नाहीतर ‘लोक कधीच उठत नाहीत’ असं वाटायला लागेल. शेजारी श्रीलंकेत २०२२ मध्ये उठले. ज्या राष्ट्राध्यक्षांना पळून जावं लागलं ते गोताबाया राजपक्षे २०१९ मध्ये ५२ टक्के मतं घेऊन निवडून आले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पक्षाने संसदेत २२५ पैकी १४५ जागा जिंकल्या होत्या. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी रासायनिक खतांवर बंदी आणली. शेतकरी रस्त्यावर आले, आणि कोलंबोने ते टीव्हीवर बघितलं. एका गटाची वाट बंद झाली होती, बाकीच्यांच्या चालू होत्या.

मार्च २०२२ उजाडला तोवर देशाकडचं परकीय चलन संपत आलं होतं. दिवसाला तेरा तेरा तास वीज नाही. इन्व्हर्टर चार्ज करायलाच वीज नाही, जनरेटरला डिझेल नाही. गॅस सिलिंडर नाही, रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं कोसळून मेली. छपाईला कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. इथे लक्ष द्या: पैसा असून उपयोग नाही, अशी वेळ आली. वकिलाची गाडी आणि रिक्षा एकाच रांगेत. ३१ मार्चला लोक राष्ट्राध्यक्षांच्या खासगी घरासमोर जमले, ९ एप्रिलपासून कोलंबोतल्या गॉल फेसच्या मैदानावर तंबू पडले, ९ जुलैला माणसं राष्ट्रपती भवनात शिरली. त्या दिवशी गॉल, कँडी, मातारा इथल्या लोकांनी रेल्वेवाल्यांना भाग पाडून गाड्या सोडायला लावल्या आणि त्या भरून कोलंबोला आले. आम्ही लोकलवाले, हे वाचून मला फार बरं वाटलं हे कबूल करते. १४ जुलैला सिंगापूरहून राजीनामा आला.

त्याच्यापुढचा भाग कुणी सांगत नाही. त्याच महिन्यात पेट्रोल क्यूआर कोडवर, गाडीमागे ठरलेल्या कोट्याने मिळू लागलं. रांगा हळूहळू आटू लागल्या. २२ जुलैच्या पहाटे सैनिकांनी गॉल फेसचे तंबू उखडले, तेव्हा आठवड्यापूर्वीची गर्दी धावून आली नाही. प्रत्येकाला आपापला कोटा समोर दिसू लागला होता. लोकांना सत्ता बदलायची नव्हती असं नाही, ती त्यांनी सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत मतपेटीतून बदलली. पण रस्ता मात्र कोड स्कॅन होऊ लागल्याबरोबर रिकामा झाला.

नेपाळचं उदाहरणही याच पानावर लिहून ठेवा. तिथल्या तरुणाची वाट म्हणजे आखात, मलेशिया, परदेश. घरोघरी कुणी ना कुणी बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूबसकट एकदम २६ समाजमाध्यमं बंद केली. भ्रष्टाचाराचा, नेत्यांच्या मुलांच्या थाटामाटाचा राग जुना होता. पण या बंदीने काय झालं? दोह्यातल्या नवऱ्याशी रात्री बोलायची वाटच बंद. ८ सप्टेंबरला गोळीबारात १९ माणसं मेली, त्याच रात्री बंदी उठवली, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला.

एका ठिकाणी मात्र हे गणित अडतं, तेही सांगते. पूर्व जर्मनीत १९६१ ला बर्लिनची भिंत बांधून लोकांची जायची वाट बंद केली, आणि पुढे २८ वर्षं उठाव झाला नाही. उठाव झाला तो १९८९ मध्ये, हंगेरीने सप्टेंबरात ऑस्ट्रियाकडची सीमा उघडल्यावर, म्हणजे वाट उघडल्यावर! माझा अंदाज असा की शेजारचं कुटुंब सुटकेस भरून निघालं, मग त्याच्या शेजारचं, आणि ‘आपण एकटेच वैतागलेलो नाही’ हे मागे राहिलेल्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. ‘आम्ही इथेच राहणार’ ही घोषणा तेव्हाच निघाली. म्हणजे कधी कधी वाट पळून जायला नाही, मोजायला उपयोगी पडते. याच्यामुळेच चौथा रकाना लागतो.

चौथा रकाना: पहिला कोण

सह्यांचं पान डब्यात फिरवून बघा. कोरं पान असेल तर ते पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जाऊन कोरंच परत येतं. प्रत्येक बाई वाचते, मान डोलावते, ‘बरोबर लिहिलंय हो’ म्हणते आणि पुढे देते. वरची रिकामी ओळ क्रमांक एक बघून पेन मिटतं. पाच-सहा सह्या असल्या की तेच पान दादरपर्यंत भरून येतं. आम्ही यावर उपाय केला तो असा: पानाच्या मधोमध मागणी लिहायची, भोवती एक मोठं वर्तुळ काढायचं आणि सह्या वर्तुळावर गोल करायच्या. वर कोण, खाली कोण हे कळत नाही. साहेबालाही ‘ही पहिली सही कुणाची?’ विचारता येत नाही. त्या गोल कागदामुळे आमच्या सह्या वाढल्या, मागणी तीच होती.

लोक भित्रे असतात म्हणून थांबत नाहीत. प्रत्येक जण बाकीच्यांचा हिशेब करत असतो, आणि बाकीचे त्याचा. दहा जण निघाले तर मी निघेन असं म्हणणारे हजार जण असले तरी पहिले दहा नसतील तर एकही निघत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळे समाधानी आहेत. सरकारलाही तसंच वाटतं, म्हणून उठाव होतो तेव्हा सगळ्यात जास्त तेच चकित होतं.

तेव्हा पहिलं पाऊल एवढं स्वस्त ठेवा की त्यात कुणाचं काही जाणार नाही. काळी फीत. ठरलेल्या वारी एका रंगाची साडी. १९७२-७३ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्याबरोबर मुंबईतल्या बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन निघाल्या. लाटणं प्रत्येक घरात असतं, ते हातात घेतलेल्या बाईला ‘समाजकंटक’ म्हणणं पोलिसालाही जड जातं.

आणि जागा-वेळ अशी निवडा की बोलवावंच लागणार नाही. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता प्रार्थना असायची. लोक तिथे तसेही जायचे, बाहेर पडून चालायला लागायचे. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी सत्तर हजारांच्या आसपास माणसं चालली आणि पोलिसांनी गोळी चालवली नाही. महिन्याभरात भिंत पडली. आपल्याकडे तर रोज सकाळी ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या खिडकीशी तीच माणसं जमतात. भजनी मंडळं गाडीत जमतात, हळदीकुंकू गाडीत होतं, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. एवढी तयार संघटना जगात फार थोड्यांकडे असेल. आपण तिच्यात शेंगा निवडतो.

सरकार काय परत करतं ते लिहा

ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी गाड्या सोडल्या म्हणून कळवा आणि बदलापूरला लोक भडकले, आंदोलन झालं. २५ तारखेपासून मध्य रेल्वेने नव्या दहा एसी फेऱ्या पुन्हा साध्या केल्या. विषय संपला. हे हसण्यावारी नेऊ नका, दहा फेऱ्या म्हणजे पुष्कळ असतं. पण हेही लिहून ठेवा की आजच्या काळातलं सरकार राजवाड्याच्या दारापर्यंत कुणाला येऊच देत नाही, ते फाटकापाशीच दहा फेऱ्या देतं.

बहात्तरच्या दुष्काळाचं असंच. आई खडी फोडायला जायची. मिलोची लाल ज्वारी, पोरांना सुकडी, आठवड्याला मस्टरवर हजेरीप्रमाणे पैसे. मे १९७३ च्या सुमाराला महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. तेवढी माणसं उपाशी पोटी गावागावांत बसून असती तर काय झालं असतं? तिथेही मजुरांनी आंदोलनं केली, पण ती मजुरीसाठी, कामासाठी, मस्टरवरचं नाव टिकवण्यासाठी. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ चा. ही फसवणूक होती असं मी कधीच म्हणणार नाही, आमचं घर त्यावर जगलं. आज आमच्या कामवाल्या मावशींचे लाडक्या बहिणीचे १५०० रुपये येतात, ई-केवायसी राहिली की त्या बेचैन होतात. ज्याचं नाव यादीत आहे तो यादी फाडत नाही, यादीतली चूक दुरुस्त करून मागतो. मागणी कशी लिहायची ते यावरून ठरवा: ‘व्यवस्था बदला’ यावर माणसं मान डोलावतात, ‘आठ-चारची गाडी पंधरा डब्यांची करा’ यावर सही करतात.

निवडणूक हीही परत मिळणारी गोष्टच. ‘पुढच्या वेळी बघून घेऊ’ हे वाक्य जिथे खरं वाटतं तिथे बहुतेक जण पुढच्या वेळेची वाट बघतात. माझ्या मते ते शहाणपणाचं आहे.

शिधा आणि खाकी

या दोन गोष्टी थोडक्यात. जेवणाची सोय कुणाकडे आहे ते आधी विचारा. मार्च २०१८ ला नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी सहा दिवस चालत मुंबईत आले, तीस-चाळीस हजार माणसं, मागे टेम्पोंमध्ये घरचं धान्य, भांडी, सरपण. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून शेवटचा टप्पा सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत रात्रीच चालून काढला. सकाळी ज्या मुंबईकराचा खोळंबा झाला नव्हता तो पाणी आणि बिस्किटं घेऊन उभा होता. दिल्लीच्या वेशीवर २०२०-२१ मध्ये शेतकरी वर्षभर बसू शकले ते लंगरमुळे आणि गावागावांनी पाळ्या लावल्या म्हणून: निम्मे धरण्यावर, निम्मे शेतावर. हीच टिकवणारी वाट.

खाकीचं असं. मोठी सत्तांतरं ज्या दिवशी होतात त्या दिवशी बहुधा गणवेशातला माणूस गोळी घालायला कचरलेला असतो. ढाक्यात जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये शेकडो माणसं मारली गेली, तरी ५ ऑगस्टला लष्कर गर्दीच्या आड आलं नाही आणि शेख हसीनांना देश सोडावा लागला. मुंबईनेही असा एक दिवस पाहिलाय, १८ ऑगस्ट १९८२. पोलिसांनीच बंड केलं, गिरणी कामगार त्यांच्यात मिसळले, आणि लष्कर बोलवावं लागलं. ते फार टिकलं नाही. तुमच्या पाण्याच्या किंवा पुलाच्या मोर्चाला एवढ्या लांबचा विचार नको. बंदोबस्ताला येणारा हवालदारही बहुधा कल्याणच्या पलीकडूनच लटकत आलेला असतो, तेव्हा त्याला चहा द्या आणि पत्रकाची एक प्रत द्या.

वही वाचायची कशी

एका बैठकीला सगळी पानं समोर ठेवा. दुसऱ्या रकान्यात बहुतेकांचं ‘लेट मार्क’ एवढंच असेल तर रविवार निवडा किंवा पंधरा मिनिटांचं काहीतरी ठरवा. ‘नोकरी’ असेल तर मोर्चा काढूच नका, गोल सह्यांवर थांबा आणि निवेदन द्यायला निवृत्त माणसांना पाठवा. तिसऱ्या रकान्यात ज्यांच्या वाटा ‘घेऊन जाणाऱ्या’ आहेत त्यांच्याकडून रस्त्यावर यायची अपेक्षा ठेवू नका, पण अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्या, एसीत बसून त्यांना वेळ असतो. सगळ्यांची एकच वाट एकदम बंद झालेली दिसली, म्हणजे जिना पाडला आणि पर्यायी जिना नाही, किंवा पाणी आठ दिवस नाही आणि टँकरवालाही नाही म्हणतोय, तर मात्र त्याच आठवड्यात तारीख ठरवा. नवव्या दिवशी टँकर आला की तुमच्याकडे फक्त कार्यकर्ते उरतील.

मोर्चा झाला आणि लेखी आश्वासन मिळालं की पुढचं काम सुरू होतं. नाशिकच्या शेतकऱ्यांना १२ मार्च २०१८ ला लेखी आश्वासन मिळालं होतं, घरी जायला विशेष गाडीही मिळाली. तरी त्यांना २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं आणि २०२३ मध्ये वासिंदपर्यंत पुन्हा चालावं लागलं. तेव्हा कागदावर सही, शिक्का, जावक क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का ते तिथेच उभं राहून बघा. मुदत नसेल तर साहेबाला म्हणा, पेनाने घालून द्या. तीन झेरॉक्स काढा: एक रजिस्टरला चिकटवा, एक स्थानिक वार्ताहराला द्या, आणि एक डब्यातल्या त्या बाईकडे ठेवा जी कधीच कुठल्या मोर्चाला येत नाही पण जिच्याकडे १९९८ पासूनचे सगळे पास जपून ठेवलेले आहेत.